पाल्क, पाल्का

आमच्या एस्टोनियात पगाराला म्हणतात पाल्क,
पलीकडे फिनलंडमध्ये पाल्का.
ऐंशी किलोमीटर खारं पाणी ओलांडलं
की शब्दाला शेपूट फुटतं,
आकड्यालाही.

ताउरी तिकडे गेला त्याला तीन वर्षं झाली.
काम तेच, माझंच : हॉस्पिटलच्या पाळ्या लावणारं सॉफ्टवेअर,
त्याच चुका, सकाळी नऊची तीच मीटिंग.
शनिवारी बोटीने आला,
आणि आम्ही माझ्या ओट्यापाशी लॅपटॉप उघडून
हिशेब समोरासमोर मांडले,
शाळेत च्युइंगगमचे कागद मांडायचो तसे.

त्याचे पाच हजार चारशे. माझे तीन हजार शंभर.
मी गप्प राहिले. तो कॉफी ढवळत बसला, साखर न घालताच.
मग कर वजा. मग भाडं :
त्याचं चौदाशे, सौना आठवड्यातून एक तास, पाळीने.
माझं सातशे वीस, गळका नळ धरून.
केस कापायला तो इथेच येतो.
अक्कलदाढ काढायलाही इथेच आला होता,
बोटीचं तिकीट जाऊन वर चाळीस युरो वाचले म्हणून
तोंडात कापसाचा बोळा धरून हसत होता येडा.
त्याच बोटीतून तिकडचे पेन्शनर
बियरचे खोके ढकलगाडीवर रचून घरी नेतात.
स्वस्ताई म्हणजे आम्हीच,
पट्टा आवळून नेण्याजोगी.

सगळं जाऊन त्याच्या बाजूला उरले तीनशे दहा.
"एवढ्यासाठी?" मी विचारलं.
तो म्हणाला, "तिकडे ताप आला तर
पहिल्या दिवसापासून पगार चालू.
इथे पहिले तीन दिवस
तापही आपला, खर्चही आपला."
ह्याला रकाना नव्हता. मी नवा घातला.

आमच्याकडे पाल्क म्हणजे ओंडकासुद्धा.
ताउरीच्या वडिलांना बेटावर सौना बांधायचाय,
ओंडके मार्चपासून येऊन पडलेत,
एका माणसाला उचलत नाहीत.
"मे महिन्यात येतो," तो म्हणाला,
मोबाइलवर तिकिटांचे भाव बघत.

मेमध्ये रिलीज होतं. दोन्हीकडे.
दुसरं टोक मी धरलं.
म्हातारा बोलला नाही काही, फक्त
"डावीकडे", "खाली", "हं".

हाताची राळ साबणाने जात नाही.
सोमवारी नऊच्या मीटिंगला
ताउरीनं स्क्रीनवरून विचारलं, झालं का काम?
'हो' टाइप करून पुढे काहीतरी लिहायला गेले,
तर कीबोर्डवरचा पी चिकटून बसलेला.