तळ्यात, मळ्यात

कुलाब्यात, धक्क्यामागच्या गल्लीत, तळघरात,
पहाटे तीन वाजून चाळीस मिनिटं.
पंपाची घरघर, टस्कानोंचा स्टीलचा डबा,
आणि पिंपाच्या आत पिंप, त्याच्या आत आणखी चार,
सगळ्यात खाली नखाएवढी चकती.
तिच्यावर दोन ठिपके, शेजारी शेजारी.

ठिपके म्हणजे खड्डेच,
मधे एक बांध, व्होल्टच्या हजारांशाने वर-खाली होणारा.
उंच ठेवला तर दोन बिऱ्हाडं.
उतरवला तर
इलेक्ट्रॉन तळ्यात की मळ्यात
हे त्यालाही सांगता येत नाही.
तो अर्धा इकडे, अर्धा तिकडे असा नसतो, टस्कानो.
"मग?"
मग काय, ते मला गणितात येतं, मराठीत नाही.

एक तरी ओलांडताना बघायचाय. नऊ रात्री झाल्या.
उजवीकडे एकजण आधीच बसलाय,
डावीकडचा त्याच्यासारखंच तोंड करून उभा,
आणि एका तोंडाच्या दोघांना एका खोलीत
निसर्ग राहू देत नाही.
दार उघडं, उतार आहे, मागून रेटाही.
तरी तो उभा.
गिरकी उलटेपर्यंत कुणाचं काही चालत नाही.

आणि रोज चार-दहाला आलेख थरथरतो,
पोळ्यासारखा षट्कोनी नकाशा
एका घराने सरकतो.
तारा बदलल्या, लिफ्ट बंद केली,
मी सरांना तीन ईमेल लिहिल्या.
टस्कानो वसईचे, ते सरळ धक्क्यावर चालत गेले.
"बर्फ फोडायचं मशीन आहे. मालतीबाई वैतींचं.
म्हणाल्या, तुमचं थंड तुमच्यापाशी,
माझे बोंबील थांबायचे नाहीत."

निरपेक्ष शून्याच्या वर
एका अंशाचा शंभरावा हिस्सा,
आणि आम्हाला नडला
भिंतीपलीकडचा बर्फ.

आज चार-दहाला काहीच मोजलं नाही.
टस्कानोंनी चहा ओतला, बशीत, सावकाश.
चार-पंचवीसला मशीन गप्प झालं.
मग पडद्यावर
सपाट रेघ, सपाट रेघ, सपाट,
आणि एक पायरी.
गेला.
दीड सेकंद ताटकळला होता बिचारा.

"फिरवलं कोणी त्याला?"
बहुतेक आसपासच्या अणूंनी, मी म्हणते,
त्यांचंही आपलं काहीबाही फिरणं चालू असतं,
त्याचा धक्का लागतो.
"म्हणजे शेजाऱ्यांनी," टस्कानो म्हणतात
आणि डब्याचं झाकण दाबून बसवतात.

रेघ पुन्हा सपाट.
दुसरा कोणीतरी उभा आहे.