कारण: लिहिलेले नाही

शाहूपुरीत दवाखान्याच्या तळघरात,
पूर्वी जिथं जनरेटर होता
तिथं माझं टेबल.
वरून केसपेपर उतरतात,
मी त्यांना कोड देतो.

आजचा कागद हुपरीचा.
अक्काताई मगदूम, वय त्रेपन्न.
खाली डॉक्टर इंगवल्यांचं अक्षर,
एस्टी सुटायच्या आत लिहिल्यासारखं:
दोन्ही हातांवर पुरळ. मलम. आठ दिवसांनी दाखवणे.
बस्स.

आमच्या गल्लीतल्या बायका
नुसतं लांबून बघून सांगतात,
ही घामोळं, ह्या गांधी, हा नायटा,
हे इसब, जुनं आहे, ह्याला वेळ लागेल.
माझ्याकडं एकच कप्पा उरतो:
आर एकवीस.
म्हणजे अंगावर काहीतरी उठलंय
आणि कशानं, ते कुणी लिहिलेलं नाही.

खरं तर मला माहीत आहे.
चहाला वर गेलो होतो तेव्हा ती बाकावर
मावशींना सांगत होती,
"पैंजणाला घुंगरू जोडतो मी, मग पॉलिश.
दिसभर त्या पाण्यात हात.
काम बंद पडलं की बरं वाटतंय,
ऑर्डर आली की परत खाज."

चार वाक्यांत अख्खं निदान.
पण ऐकलेल्यावर कोड बसत नाही,
लिहिलेल्यावर बसतो.
पहिल्याच दिवशी शिकवलं होतं,
कागदावर नाही ते घडलंच नाही.

पिवळी चिठ्ठी लावली:
रुग्णाचा व्यवसाय? कशाच्या संपर्कानं?
ती परत आली
कपाच्या ओल्या वळ्यासकट, कोरी.
डॉक्टरांचा राग नाही.
ओपीडीत त्या दिवशी एकशे चाळीस.

मार्चअखेर तक्ता जाईल वर.
हुपरीच्या रकान्यात पुरळ, कारण अनिर्दिष्ट,
पुढं एक आकडा.
त्यात आम्लाच्या पाण्याचा थेंबसुद्धा नसेल.

आठव्या दिवशी मुद्दाम जिना चढलो.
म्हटलं, "मावशी, आत गेल्यावर
पॉलिशचं तेवढं सांगा डॉक्टरांना."
तिनं मलम लावलेला हात
पदराखाली घेतला.

"सांगितलं की मागल्या वेळंला.
लिवलं न्हाई व्हय त्येनी?"

आणि हसली,
मीच ते विसरलोय, अशा नजरेनं.