उत्तरेच्या भिंतीवरचा कॉक

बॉयलर आत, ड्रेन कॉक बाहेर.
वर्षातून दोनदा उघडायचा,
लाइन रिकामी करायची, तळाचा गाळ सोडायचा.
बाकीचे दिवस तो तिथं आहे
हे फक्त पालींना ठाऊक.

हौसाबाई घाडगे फोनवर एवढंच म्हणाली,
"कॉक हातात आला बगा."

मी वाईहून पहिल्या एस्टीनं पसरणी घाट चढलो.
पाचगणीत डिसेंबरात
पान्याचं लोखंडसुद्धा बोटांना चिकटतं.
वसतिगृहाच्या मागं
भिंतीतून पाइपचं पांढरं टोक बाहेर आलेलं,
खालची शेवंती गरम पाण्यानं शिजलेली.
मुली गार पाण्यानं अंघोळी उरकून
दात वाजवत प्रार्थनेला गेल्या होत्या.

"हिनं जोर लावला," अधीक्षिका बाई म्हणाल्या,
"पान्यानं पिळला. पगारातनं कापून घेणार आहे."
हौसाबाई काहीच बोलली नाही.
तिच्या मनगटावर लाल पट्टा होता,
वर टूथपेस्ट फासलेली.

पुश-फिटला डिंक लागत नाही, आटे लागत नाहीत, आग लागत नाही.
पाइप सरळ कापायचा,
तोंडात बाही घालायची,
पेन्सिलनं खूण करायची
आणि खुणेपर्यंत ढकलायचा.
आत पोलादी दातांची कडी असते,
ओढलं तर ती जास्तच चावते.
पण दर खेपेला कुणी पिळलं,
आणि कॉकबरोबर पाइपही फिरला,
तर तेच दात पाइपला गोल गोल कोरत बसतात,
आतल्या आत,
कुणाला न दिसता.

हे मी कुणाला सांगितलं नाही.
म्हणालो, "बॅटरी धरा जरा."

भिंत जांभ्याची.
ड्रिल सरसर आत गेलं तेव्हाच कळलं.
प्लास्टिकचा प्लग स्क्रूबरोबर नुसता गरगरतो,
दगड आहे पण निम्मा भोकांचाच.
हौसाबाई न विचारता आत गेली
आणि मोडक्या खुर्चीचा सागवानी पाय घेऊन आली.
चार गुट्ट्या तासल्या.
कोरड्याच ठोकायच्या,
पुढचं काम इथला पाऊस करतो.

मग पाटीचा पितळी एल्बो,
चार स्क्रू, घट्ट.
पाइपला वीत-वीत अंतरावर दोन क्लिपा.
नवा तुकडा, नवी बाही, नवी खूण.
ढकलला. कट्ट.

पाना तिच्या हातात दिला.
"पिळा. काल पिळलात तसाच."
"नगं बाबा."
"पिळा हो."
तिनं आधी दोन बोटांनी पिळला,
मग साडीचा पदर खोचून
सगळं अंग घालून.
पाना वळला, कॉक वळला,
पाइप जागचा हलला नाही.
"माजा जोर गेला कुटं मग?"
"भिंतीत."
ती भिंतीकडं बघत राहिली,
उसने पैसे कुणाला दिले ते आठवल्यासारखी.

पावतीवर लिहिलं:
एल्बो एक, क्लिपा दोन,
गुट्ट्या चार, त्याचे पैसे नाहीत.
कारण: आधीचं फिटिंग भिंतीला बांधलेलं नव्हतं.

बाईंनी चष्मा वर केला.
"आधीचं कुणी केलं होतं?"

काढलेला पाइप माझ्या पिशवीत होता.
त्याच्यावर जुनी पेन्सिलची खूण,
आणि खुणेशेजारी कोन काढलेला बाण,
जसा मी काढतो,
जसा दुसरं कुणी काढत नाही.
तीन वर्षांपूर्वी संध्याकाळ झाली होती,
शेवटची एस्टी गाठायची होती,
दोन स्क्रूंचंच तर काम होतं.

"मी," म्हणालो.

त्यांनी पावतीवर तेवढा शब्द लिहून घेतला
आणि पैशांचा आकडा खोडला.
बरोबरच होतं ते.

मी हत्यारं गोळा करत होतो तेव्हा
मागून कॉक वळल्याचा आवाज आला.
कुणी सांगितलं नव्हतं.
हौसाबाई परत एकदा पिळून बघत होती.