पाण्यापर्यंत

आमच्या खरेदीखतात लिहिलंय:
पूर्वेस रस्ता, दक्षिणेस नाला, उत्तरेस देहाडरायांचं शेत,
पश्चिमेस पाणी.
बावीस प्लॉटधारक. एक सामाईक काठ.
आणि मी सचिव, बिनविरोध,
कारण त्या सभेला मी उशिरा पोचले.

कोजागिरीला नाथसागर काठोकाठ होता
तेव्हा आम्ही तारेचं कुंपण ओढलं,
चौदावा खांब गुडघाभर पाण्यात रोवला.
पाटोदेकर वकील म्हणाले, झालं, आता काठ आपला.
फाटकाला कुलूप, बावीस किल्ल्या.
पैठणच्या स्टँडवरचा किल्लीवाला मला पुढं कधीतरी म्हणाला,
"त्या फाटकाच्या? ताई, साठेक तरी पाडल्या असतील मी."

वहीत सगळं आहे.
प्लॉट चारच्या पाहुण्यांनी होडी बांधली नाही.
प्लॉट नऊचा कुत्रा.
जीप रुतली, ट्रॅक्टरचे आठशे कोणी द्यायचे.
पुन्हा प्लॉट नऊचा कुत्रा.
मुनीर सय्यद, प्लॉट सात, वर्गणी आगाऊ भरतात
आणि काठावर कधी उतरत नाहीत,
गच्चीतून दुर्बिणीनं रोहित पक्षी मोजतात.
एकदा आकडा कळवला, चारशे अकरा,
वहीत लिहा म्हणाले. लिहिला.

मग माघात पाणी निघालं,
कुणाला न सांगता, रोज चार पावलं.
होळीला खांब कोरडा,
चैत्रात तर हाक मारली तरी पोचू नये इतकं लांब.
मधे भेगाळलेला काळा गाळ, शिंपले, एक चप्पल,
आणि शेवटच्या खांबापुढं वीसेक पावलांवर
रुख्मणबाई गायके, दोन सुना घेऊन,
टरबुजाची आळी करत बसलेली.

तातडीची सभा. विषय एकच, कुंपण वाढवणे.
वकील: खतात पाणी म्हटलंय, म्हणजे पाणी जिथं, तिथवर आपलं.
मागून कोणीतरी: मग ते नगर जिल्ह्यात गेलं तर
आपण तार घेऊन मागं मागं?
हसले सगळे.
हसून झाल्यावर अकरा विरुद्ध दहा, ठराव मंजूर.
मुनीरभाई गच्चीवर.

सांगायला मला पाठवलं.
चपला हातात घेतल्या, गाळ आतून अजून ओला होता.
ती उठली नाही. म्हणाली,
"हितं आमचं खळं व्हतं बाई. ते बगळं बसलंय ना, तिथं आड.
सरकारनं पैसे दिले, आमी घेतले, भांडण न्हाई.
गाळपेराची पावती दरसाली फाडते मी.
पानी आलं की आमी उठतो.
तुमी उठताव का?"

धाकट्या सुनेनं तांब्या पुढं केला.
प्याले. येताना खांब मोजत आले,
चौदाच.

नव्या खांबांचं कोटेशन कपाटात आहे.
वकील विचारतात. मी म्हणते, लोखंड महागलंय, थांबू.

वैशाखात एका सकाळी फाटकाच्या आत टरबूज होतं.
कुलूप जसंच्या तसं.
वही उघडली. जमा: टरबूज एक.
खातं कोणतं? प्रवेश शुल्क, दंड, देणगी, इतर.
पेन उघडं धरून बसले, शाई वाळली,
शेवटी उठून कापलं ते,
निम्मं मुनीरभाईंकडं धाडलं.

आता नाशकाकडून पाणी सुटलंय म्हणतात.
चौदाव्या खांबाच्या बुडाशी ओल चढलीय,
वेल तिनं परवाच उपटून नेले,
आळ्यांचे खळगे तेवढे दिसतात, ओळीनं.
मुनीरभाईंनी बिया परत पाठवल्या,
धुऊन, वाळवून, पुडीत बांधून.
पुडीवर आकडा: तीनशे सात.
लिहिला.