दोन बोटं माया

केनेमाच्या जुन्या कोको-गुदामात
मशीन घेऊन बसलोय.
बत्तीस सदरे, बत्तीस चड्ड्या, अकरा फ्रॉक.
कापड निळं, सगळ्यांना एकच.
कुणी न सांगता पोरं ओळीत उभी राहतात,
उंचीनुसार.

वांडीचा उजवा खांदा बोटभर खाली.
पट्ट्याच्या ओझ्यानं हाड तसंच बसलेलं.
छातीचं माप घ्यायला म्हणालो, हात वर कर,
तर दोन्ही पंजे डोक्यामागं गेले
आणि गुडघे टेकले.
मग मीही खाली बसलो.
टेप त्याच्या हातात दिली,
म्हणालो, आधी तू माझं घे.
त्यानं माझं पोट मोजलं आणि हसला.
सुळा अजून अर्धाच आलेला.

वय?
आईनं मोजलं तेव्हा आठ.
मग कमांडर म्हणाला, पंधरा.
रजिस्टरात मी काय लिहू?

बाइंदू म्हणाली, कंबर सैल ठेवा.
मी मान वर केली नाही.

या पोरांना सगळं गाव विचारतं,
तिकडं काय काय केलंत रे?
मला कुणी विचारत नाही.

लढाईच्या दिवसांत एका रात्री दार वाजलं.
मोठ्या माणसांचे हिरवट शर्ट, गठ्ठाभर.
'बाह्या वीतभर कमी कर. लांबीही.'
काहींना भोकं होती, ती रफू केली.
दोन टोपल्या तांदूळ मिळाला, वर पामतेलाची बाटली.
कुणासाठी, ते विचारलं नाही.
वीतभर कापल्यावर आत
केवढं अंग मावतं
हे शिंप्याला कळत नाही होय?

वांडीनं तयार सदरा उलटा केला.
काखेतली दुहेरी टीप बोटानं चाचपली.
या बाजारात तशी टीप मी एकटाच घालतो.
'माझ्या तिकडच्या शर्टाला पण अशीच होती,
कधी उसवली नाही.'

कौतुकानंच म्हणाला बहुतेक.

दोरा तुटला नव्हता.
तरी मी किती वेळ
सुईच्या नेढ्यात ओवत बसलो.
दारातून लाल धूळ येत होती,
निळ्या कापडावर बसत होती.

सगळ्यांना माया ठेवलीय,
शिवणीत दोन बोटं, खाली चार.
वाढत्या अंगाची पोरं.
हेडमास्तर म्हणाले, त्या खांद्यात थोडा कापूस भर,
सरळ दिसेल.
नाही भरला.
होता तसाच बेतला खांदा.

खिसे किती ठेवू रे, विचारलं.
'एकच.'
जरा थांबून, 'बटणाचा.'
काय ठेवशील त्यात?

वांडीनं खांदे उडवले.
एक वर गेला,
एक तितका नाही.