तीन मिनिटं फुंक

गावाचं नाव सूर.
आईला वाटलं, गाण्याच्या क्लासात नोकरी लागली.
इथं अजून लाकडी गलबतं बांधतात,
आणि दवाखान्याच्या मागच्या खोलीत मी
मुलांच्या डोक्याला एकवीस तारा चिकटवते.

झुवैना. वय सात. संशोधनात क्रमांक एकशे चाळीस.
रात्रभर जागवून आणायचं असतं मूल.
बापानं तिला खाडीच्या पुलावरून पहाटेपर्यंत फिरवली,
चिप्सची तीन पाकिटं संपवली,
आता तोच खुर्चीत पेंगतोय.
आजीनं बांधलेला ताईत मी काढत नाही,
तारांच्या वाटेत येत नाही तो.

डॉक्टर खौला घराण्याचा नकाशा काढतात:
चौकोन पुरुष, गोल बाई,
चुलत भावंडांनी लग्न केलं की दुहेरी रेघ.
चार पिढ्यांत दोन गोल काळे.
"आणि हिची आत्या?"
आई जरा विचारात पडते.
"ती मध्येच थांबायची.
आम्ही म्हणायचो, कुणीतरी हाक मारतंय तिला."
डॉक्टर लिहून घेतात. तेही.

मग माझं काम.
हातात भिरभिरं देते. फुंक बाळ,
तीन मिनिटं, थांबू नकोस.
विचित्रच आहे म्हणा,
जे येऊ नये म्हणून ती इथं आली
तेच मी तिच्या श्वासातून बोलावून घेते.
पहिलं मिनिट, लाल पंखा गरगर.
दुसऱ्यात, चाळिसाव्या सेकंदाला, मंदावला.
डोळे उघडे, आत कुणी नाही.
पडद्यावर टोक, लाट, टोक, लाट,
सेकंदाला तीन,
शिवणयंत्राची सरळ टीप.

नियम असा, की या फटीत एक शब्द बोलायचा
आणि नंतर विचारायचं, काय म्हणाले मी?
एरवी मी 'नख्ला' म्हणते, नाहीतर 'समक'.
त्या दिवशी तोंडातून आलं: गोधडी.
नऊ सेकंद.
भिरभिरं पुन्हा फिरलं, काही झालंच नाही असं.
"काय म्हणाले मी?"
"तू कुठं काय म्हणालीस?"

आमच्या विट्याच्या शाळेत
सगळा वर्ग एका दमात पाढे म्हणायचा.
वर्ग बारा आठी शहाण्णवला पोचलेला,
आणि मागून एकटा माझा भाऊ, यशवंत:
बारा पंचे साठ.
हशा. मग छडी.
लक्ष कुठाय रे तुझं?
तो हात पुढं करायचा.
त्याला खरंच कळायचं नाही
मधल्या ओळी कुणी पळवल्या.
तेराव्या वर्षी ते आपोआप गेलं.
बावळट हे नाव तेवढं राहिलं,
आणि दुकानात बसून अजून
सुटे पैसे तीनतीनदा मोजण्याची खोड.

परवा फोनवर सांगितलं त्याला:
अरे, त्याला नाव आहे. औषध आहे.
तेव्हाही होतं.
तो गप्प. मी सवयीनं सेकंद मोजले.
चौदाव्याला म्हणाला,
"गुरुजी वारले गेल्या वर्षी."

सहा आठवड्यांनी झुवैना परत.
गुलाबी औषध कडू आहे, ही तक्रार आधी.
मग फुंकली, तीन मिनिटं पुरी.
पडद्यावर साधं गिचमीड, टीप कुठंच नाही.
तरी दुसऱ्या मिनिटाला मी म्हटलं: गोधडी.
तिनं फुंकता फुंकता भुवया उडवल्या.

"काय म्हणाले मी?"
"गोदडी," ती म्हणाली. "हे काय असतं?"

अरबी शब्द सापडेना.
हातांनीच दाखवलं:
जुनी लुगडी, एकावर एक,
टाका, टाका, टाका, आणि मग अंगावर.
फॉर्मवर खूण केली, शब्द आठवला: होय.
कोणता शब्द, हा रकाना नाही.

बाप या वेळी जागा होता.
"एवढ्या उकाड्यात?" म्हणाला.