एक जानेवारी

काकुमात निम्मी माणसं एकाच दिवशी जन्मली.
टेबलामागच्या पोरानं विचारलं, जन्मतारीख?
न्याडुओथ म्हणाली, नदी फुगली होती,
गुरं उंचवट्यावर नेलेली,
वाकड्या शिंगांची गाय त्याच रात्री व्याली.
त्यानं लिहिलं : एक जानेवारी.

मी दुभाषी. माझीही तीच.

मंगळवारी केमुन्तो वकीलबाई येतात.
बाभळीखाली प्लास्टिकची खुर्ची, मांडीवर फायली,
वारा सुटला की फायलींवर चप्पल.
म्हणतात, जिथं जिवाला धोका
तिथं कायद्यानं तुम्हाला परत धाडता येत नाही.
हे न्युएरमध्ये कसं सांगू?
मला सुचला तो शब्द
लग्न मोडल्यावर माघारी हाकलायच्या गुरांचा.
म्हातारा तुत खोकत हसला :
"तिकडचे घेईनात, इकडचे बांधून ठेवतात,
वैरण मात्र मोजून."
बाईंनी विचारलं, काय म्हणाले?
मी म्हणालो, समजलं म्हणाले.

न्याडुओथचा मुलगा एल्डोरेटच्या इस्पितळात.
छावणीबाहेर पाऊल टाकायला पास लागतो.
अर्जात कारणाला दीड ओळ जागा.
पास सात दिवसांचा,
हातात आला नवव्या दिवशी.
ती तरी निघाली, कोळशाच्या ट्रकमधून,
कागद ब्लाउजमध्ये, घामानं शिक्का निळा झालेला.
काइनुकच्या नाक्यावर टॉर्च.
मग लोडवारची कोठडी, तीन रात्री.

कोर्टात केमुन्तोबाई उभ्या राहिल्या :
साहेब, उशीर कागदाला झाला, बाईला नाही.
साहेबांनी मान हलवली नाही.
आरोपीचं नाव? वय? जन्मतारीख?

न्याडुओथ बोलू लागली. नदी, उंचवटा, गाय.
कारकुनाची बोटं थांबलेली, माझ्याकडे बघत.
ती चार अक्षरं जिभेवर तयार होती,
इतकी वर्षं तीच तर देत आलो.
काय झालं कोण जाणे,
मी सगळं सांगितलं. पुरासकट.

साहेब पोकोटकडचे, गुराख्यांच्या घरातले.
चष्मा काढून विचारलं,
शिंगं कशी वाकलेली?

न्याडुओथनं दोन्ही हात डोक्यावर उचलले,
एक पुढं झुकलेला, एक मागं,
मनगटांवर बेड्यांचे वळ,
आणि तशीच उभी राहिली.

निकाल पुढच्या मंगळवारी.
एल्डोरेटचा फोन
अजून कुणी उचलत नाही.